आईने पाणी पिणं का सोडलं होतं

तीन आठवड्यांपूर्वी आईला भेटायला गेले. उपनगरातला वृद्धाश्रम, शेवटचा मजला, वर थेट गच्ची. आईचे ओठ सुकलेले, जीभ कोरडी, आणि मला दोनदा मावशीच्या नावाने हाक मारली. तिथली मुलगी म्हणाली, "आजी दोन दिवस नुसत्या झोपून असतात. उकाडा किती आहे ना ताई." उशाशी पाण्याची बाटली होती. सकाळी भरलेली, तशीच.

"आई, पाणी का पीत नाहीस गं?"

"प्यायलं की उठावं लागतं. रात्री ती पोर एकटी आणि आम्ही चौदा जणी. किती वेळा उठवायचं तिला?"

ते ऐकल्यापासून मला चैन नाही. जागा बघायला गेलो तेव्हा आम्ही भावंडांनी जेवण कसं, डॉक्टर कधी येतात, एसी आहे का, सगळं विचारलं होतं. रात्री बाथरूमला कोण नेतं, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

म्हातारपणी तहानच कमी लागते, घामही कमी येतो. त्यात आईला बीपीसाठी लघवीची गोळी. मुंबईत पारा पस्तिशीतच दिसतो, पण हवा इतकी दमट की आलेला घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग निवत नाही. म्हणूनच इथे कूलर लावून फायदा नाही, दमटपणा वाढतो फक्त. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर खोलीत धग सोडत राहतो. गादीवर रेक्झीन, अंगाला डायपर. आईची पाठ घामोळ्यांनी भरली होती.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की ती गुंगी आणि ते बरळणं अंगातलं पाणी कमी झाल्याने होतं. गोळीचा डोस त्यांनीच कमी केला. (कृपा करून स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. हृदयाच्या, किडनीच्या काही रुग्णांना पाणीही मोजूनच द्यावं लागतं.)

संचालकांशी बोलले. एसी खोलीचे दर वेगळे आहेत, म्हणाले. याचा मला खरंच राग आला. २००३ च्या ऑगस्टमधल्या उष्णतेच्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे १५,००० माणसं गेली, बहुतेक वयस्कर. त्यानंतर तिथल्या वृद्धाश्रमांना निदान एक थंड खोली ठेवणं बंधनकारक झालं. आपल्याकडे दुपारचे चार तास सगळ्यांना बसता येईल असा एक हॉल गार ठेवायला काय हरकत आहे? तो औषधपाण्यातच धरायला हवा.

हॉलचं अजून झालेलं नाही. पण आम्ही आठ घरांनी वर्गणी काढली. गच्चीला चुना मारून घेतला, रेक्झीनवर जाड सुती चादर आली, आणि पाऊस सुरू होईपर्यंत रात्रीला दुसरी मावशी ठेवली. पेला हातात द्यायचा, समोर बसून पाजायचं, आणि थोड्या वेळाने आपणहून म्हणायचं, "चला आजी, बाथरूमला जाऊन येऊ." आजींनी हाक मारायची वाट बघायची नाही, एवढंच मावशींना सांगितलंय.

काल फोनवर आईने मला माझ्या नावाने हाक मारली. कोकम सरबतात साखर कमी होती, अशी तक्रारही केली.