फ्रेंच राज्यक्रांती आणि औद्योगिक क्रांती एकाच कालरेषेवर शिकवा

शाळेत फ्रेंच राज्यक्रांतीचा धडा संपतो, चाचणी होते, आणि काही आठवड्यांनी औद्योगिक क्रांतीचा धडा उघडतो. मुलांच्या डोक्यात या दोन गोष्टी दोन वेगळ्या शतकांत घडल्यासारख्या बसतात. प्रत्यक्षात आर्कराइटची इंग्लंडमधल्या क्रॉमफर्डची सूतगिरणी १७७१ ची, वॅटची पहिली वाफेची इंजिनं कामाला लागली १७७६ मध्ये, क्रॉम्प्टनचं म्यूल हे सूतकताईचं यंत्र १७७९ चं आणि पॅरिसचा बॅस्टिल तुरुंग पडला १७८९ मध्ये. हे दोन्ही धडे एकत्रच शिकवायला हवेत असं माझं ठाम मत आहे. त्यांना जोडणारा सांधा आहे १७८६ चा इंग्लंड-फ्रान्स व्यापारी करार, आणि तो वर्गात जवळजवळ कधीच येत नाही.

या करारानं इंग्लिश सुती कापडाला फ्रान्सची दारं उघडली. जकात १२ टक्क्यांवर आली. यंत्राच्या सुताचं स्वस्त कापड रूआंसारख्या कापडाच्या गावांत उतरलं आणि तिथल्या कातणाऱ्या-विणणाऱ्यांचं काम बसलं. १७८९ मध्ये राजाकडे पाठवलेल्या गाऱ्हाण्यांच्या वह्यांत या कराराविरुद्ध तक्रारी आहेत, आणि त्याच जुलैत रूआंमध्ये कामगारांनी सूतकताईची यंत्रं फोडली. म्हणजे बॅस्टिल आणि यंत्रफोड एकाच महिन्यातल्या घटना! हे फळ्यावर एका रेषेच्या वर-खाली मांडलं की मुलं आपणहून प्रश्न विचारायला लागतात.

चार तासिका पुरतात. पहिली पावाच्या हिशेबाला द्या. पॅरिसमध्ये चार पौंडांचा, म्हणजे साधारण दोन किलोंचा पाव एरवी आठ सूला (सू म्हणजे फ्रान्सचं छोटं नाणं) मिळे. १३ जुलै १७८८ च्या गारपिटीनं पीक झोडपलं, वर कडक हिवाळा आला, आणि जुलै १७८९ पर्यंत तोच पाव साडेचौदा सूवर गेला. साध्या मजुराची रोजी २० ते ३० सू. चौघांच्या घराला दिवसाला असे दोन पाव लागत. रोजी २५ धरून वजाबाकी मुलांना वहीत करू द्या: आधी १६ सू पावाला आणि ९ बाकी, नंतर २९ सू पावाला आणि उणे ४. भाडं, सरपण अजून धरलेलंच नाही, आणि रविवारी व सणाला रोजी बुडते ती वेगळीच. मग विचारा, अशा घरात पहिली काटछाट कशात होईल? कपड्यात. म्हणजे विणकराला दोन्हीकडून फटका: गिऱ्हाइकाकडे पैसे नाहीत आणि बाजारात इंग्लिश माल. म्हणूनच सगळं खापर करारावर फोडू देऊ नका. पीक बुडालं नसतं तर तोच करार इतका झोंबला नसता.

दुसरी तासिका १७८९ मध्ये राजानं बोलावलेल्या तीन वर्गांच्या प्रतिनिधींच्या सभेतल्या मतदानाची. पहिले दोन वर्ग, धर्मगुरू आणि सरदार, मिळून लोकसंख्येच्या दोन टक्क्यांच्या आसपास. ५० मुलांच्या वर्गात याचा अर्थ एक विद्यार्थी. त्याला एका बाकावर बसवा, उरलेले ४९ दुसरीकडे. आता पहिल्या दोन वर्गांची करमाफी रद्द करावी का, यावर मत घ्या. मात्र मतं तीनच, त्या तीन वर्गांना प्रत्येकी एक, आणि त्यातली दोन त्या एकट्याकडे. १७८८ च्या डिसेंबरात तिसऱ्या वर्गाच्या प्रतिनिधींची संख्या दुप्पट करूनही काही फरक का पडत नव्हता आणि १७ जून १७८९ ला त्यांनी स्वतःलाच राष्ट्रीय सभा का जाहीर केलं, हे मग समजावून सांगावं लागत नाही. इथे एक गफलत हमखास होते. तिसरा वर्ग म्हणजे गरीब, असं मुलं लिहितात. राजाच्या व्हर्सायला सभेसाठी गेलेले तिसऱ्या वर्गाचे सुमारे ६०० प्रतिनिधी बहुतांशी वकील आणि अधिकारी होते. पावासाठी रांगेत उभं राहणारं तिथं जवळजवळ कोणीच नव्हतं. ५ ऑक्टोबरला पावाच्या मागणीसाठी पॅरिसहून व्हर्सायपर्यंत पायी गेल्या त्या बाजारातल्या बायका.

बॅस्टिलचंही तसंच: लोक कैदी सोडवायला गेले, असं मुलांना वाटतं. आत कैदी होते सात. जमावानं सकाळी इनव्हालिद या जुन्या सैनिकांच्या आश्रमातून बंदुका घेतल्या होत्या आणि बॅस्टिलमध्ये बंदुकीची दारू होती. ती हवी होती म्हणून लोक तिकडे वळले. पाव नसेल तर केक खा, या राणी मारी आंत्वानेतच्या नावावरच्या वाक्याला पुरावा नाही, ते सांगूच नका.

तिसरी तासिका सुताची, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची. प्रत्येक बाकावर वातीच्या कापसाचा छोटा पुंजका द्या. एका हातानं कापूस हळूहळू ओढायचा, दुसऱ्या हाताच्या बोटांनी पीळ द्यायचा. भरभर ओढलं की धागा तुटतो, पीळ जास्त झाला की गुंता होतो. वीतभर सूत निघेपर्यंत मुलांना कळतं की कताईत कामं दोनच, ओढणं आणि पिळणं. आता यंत्रं सांगा. जेनी या हातानं चालवायच्या यंत्रात ओढण्याचं काम सरकत्या दांड्यानं केलं आणि एका चाकावर आठ चात्या फिरवल्या. पण तिचं सूत कच्चं, फक्त बाण्याला, म्हणजे कापडाच्या आडव्या धाग्याला, चालणारं. आर्कराइटच्या यंत्रात रुळांच्या जोड्या, प्रत्येक पुढची जोडी मागचीपेक्षा वेगानं फिरणारी, त्यामुळे पेळू आपोआप लांबत जाई. हे सूत ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्याला, टिके. जेनी घरात मावत होती, हे यंत्र मात्र क्रॉमफर्डला पाण्याच्या चाकावर चाले, म्हणून माणसांना नदीकाठच्या गिरणीत यावं लागलं. कारखाना वाफेमुळे जन्मला, ही समजूत इथेच मोडा. क्रॉमफर्ड पाण्यावर चालत होतं. शेवटी फळ्यावर प्रचलित अंदाज लिहा. १०० पौंड कापूस कातायला भारतीय हातकताईला ५०,००० तासांहून जास्त, १७८० च्या म्यूलला २,०००, १७९५ च्या सुमाराच्या यंत्राला ३००. आपल्याकडच्या कातणाऱ्या बायकांचं पुढे काय झालं, ते या तीन आकड्यांत दिसतं.

चौथी तासिका कायद्यांची. १४ जून १७९१ ला, क्रांतीच्या ऐन भरात, फ्रान्सच्या सभेनं कामगारांच्या संघटनांवर बंदी घातली. इंग्लंडनं १७९९ आणि १८०० मध्ये तेच केलं. एकीकडे राजाचे अधिकार छाटणारे, दुसरीकडे राजाला सांभाळणारे, आणि मजुराच्या बाबतीत दोघांचं एकमत. मँचेस्टरसारख्या गिरणीच्या शहराला १८३२ पर्यंत संसदेत स्वतःचा प्रतिनिधी नव्हता, हेही इथेच घ्या. मग १८३३ चा ब्रिटिश कारखाना कायदा: कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना बंदी. शेजारी मुंबई. कावसजी दावरांची सूतगिरणीची कंपनी १८५४ ची, आणि भारतातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा: बंदी सात वर्षांखाली, सात ते बारा वयाला रोज नऊ तास. दोन्ही कायद्यांतल्या वयांत फरक का, यावर दहा ओळी लिहून घ्या.

वेळ कुठून आणायचा, असं शिक्षक विचारतील. नेपोलियनच्या लढायांची यादी गाळा. शोध, शोधक, साल असा तीन रकान्यांचा तक्ताही पाठ करून घेऊ नका. आणि सामाजिक, राजकीय, आर्थिक कारणे लिहा, या प्रश्नाऐवजी सहामाहीला एवढंच विचारा: जुलै १७८९ मध्ये रूआंच्या विणकराकडे काम का नव्हतं?