चुना, कामट्या आणि हाडांविषयीचा एक फिरता संदेश

विदर्भातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत हाडांविषयीचा एक लांबलचक संदेश पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : हाडे हा शरीराचा निर्जीव सांगाडा असून देहाला उभे ठेवणे एवढेच त्याचे काम, रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना खाल्ला की सांगाडा दगडासारखा पक्का होतो, चाळिशीनंतर गुडघ्यातले ग्रीस संपत जाते, म्हणून चालणे कमी करावे, आणि हाड मोडलेच, तर एक्स-रे आणि प्लास्टरच्या नादी न लागता हाडवैद्याकडून कामट्यांची पट्टी आवळून घ्यावी व ती एकवीस दिवस सोडू नये. यांतले पहिले तीन दावे दिशाभूल करणारे आहेत. चौथ्यापायी हात गमावण्याची वेळ येऊ शकते, म्हणून त्याला अधिक जागा दिली आहे.

पहिल्या दाव्यापासून सुरुवात करू. जन्मलेल्या बाळाच्या शरीरात सुमारे ३०० हाडे असतात. त्यांतली कित्येक पुढे एकमेकांत जुळून मोठ्या माणसात २०६ उरतात. वाढ थांबल्यावरही हाडात जुना भाग पोखरून काढणाऱ्या आणि त्या जागी नवा रचणाऱ्या पेशी आयुष्यभर काम करतात, आणि वर्षाकाठी सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा असा नव्याने बांधला जातो. निर्जीव वस्तूचे हे लक्षण नव्हे. कवटी मेंदूला आणि बरगड्या हृदय-फुप्फुसांना जपतात, स्नायू हाडांनाच धरून ओढ घेतात म्हणून आपण वाकू-उठू शकतो, हे तर उघडच आहे. पण संदेश लिहिणाऱ्याने रक्ताचा विचारच केलेला दिसत नाही. कंबरेची हाडे, मणके, बरगड्या, छातीचे मधले हाड यांच्या आत लाल मगज (अस्थिमज्जा) असतो आणि रक्तातल्या तांबड्या पेशी तिथे तयार होतात. निरोगी माणसात अशी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णात ती अवघ्या दोन-तीन आठवड्यांत मोडते, आणि विळ्याच्या आकाराच्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडाचा रक्तपुरवठा तुटतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात हा आजार घरोघरी ठाऊक आहे. तिथल्या तरुण पोराचा खुबा दुखू लागला, तर तो ‘वात’ समजून चोळत बसण्याऐवजी मांडीच्या हाडाचे डोके रक्ताविना मरत तर नाही ना, हे तपासून घ्यायला हवे. जे मुळात जिवंत आहे तेच रक्ताविना मरू शकते.

आता चुना. शरीरातले सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडे आणि दातांत असते, हे संदेशातले विधान खरे आहे. गफलत त्यापुढे होते. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, आणि गव्हाच्या दाण्याएवढ्या ओल्या चुन्यातून त्यातले फार तर वीस-पंचवीस मिलिग्रॅम मिळेल. पेलाभर दूध त्याच्या कितीतरी पट देते. शिवाय कॅल्शियम आतड्यातून रक्तात उतरायला ड जीवनसत्त्व लागते, जे मुख्यतः अंगावर पडणाऱ्या उन्हातून बनते. बाजारातला चुना दाहक असतो आणि तो खाण्याच्या शुद्धतेचा नसतो, ही गोष्ट वेगळीच. चुन्याने हाडे पक्की होत असती, तर खर्रा (तंबाखू, सुपारी आणि चुन्याचे मिश्रण) घोटणाऱ्या आपल्या तालुक्यांत अस्थिरोगतज्ज्ञांना कामच उरले नसते.

त्यातही ‘दगडासारखे हाड’ ही अपेक्षाच चुकीची आहे. कोंबडीचे साफ केलेले हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले, की त्यातले क्षार विरघळतात आणि उरलेले हाड रबरासारखे वाकते. तेच हाड जाळले, तर आकार राहतो पण बोटाने दाबताच भुगा होतो. क्षारांनी कडकपणा आणि कोलॅजन नावाच्या प्रथिनाने चिवटपणा येतो. दोन्ही असतील तरच हाड झटका सोसते. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास हाडे अधिक घट्ट होतात, पण पाठ आणि सांधे ताठर होऊन माणसाला नीट वाकताही येत नाही.

गुडघ्यातले ‘ग्रीस’ म्हणजे सांध्यातले वंगण. निरोगी गुडघ्यात ते जेमतेम काही मिलिलीटर असते आणि सांध्याचे अस्तर ते सतत बनवत राहते. सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत थराला, म्हणजे कूर्चेला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण याच द्रवातून, तेही हालचालीने होते. त्यामुळे चालणे सोडण्याचा सल्ला उलटा आहे. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईने अधूनमधून ताठ उभे राहावे, मांडीचे स्नायू बळकट ठेवावेत, हे म्हणणे वेगळे.

राहिला मोडलेल्या हाडाचा मुद्दा. हाडवैद्यांची ख्याती उगाच झालेली नाही. तुकडे जागेवरच असतील, तर हाड स्वतःच जुळते : आधी मोडाभोवती रक्त साकळते, दोन-तीन आठवड्यांत मऊ सांधा धरतो, मग त्यात क्षार भरत जातात. हाताला सहा-आठ आठवडे, मांडी किंवा नडगीला तीन महिने किंवा अधिक लागू शकतात. श्रेय मात्र लेपाला आणि पट्टीला मिळते. शिवाय एकवीस दिवसांनी पट्टी सोडून हात कामाला लावला, तर मऊ सांधा वाकतो आणि हाड वाकडेच पक्के होते.

त्याहून वाईट प्रकार पहिल्याच दिवशी घडू शकतो. जांभळाच्या झाडावरून किंवा बैलबंडीवरून पडलेल्या लहान मुलाचे दंडाचे हाड कोपराच्या जरा वर मोडते. तिथूनच मुख्य रक्तवाहिनी आणि नसा जातात. मोडलेला भाग सुजतो. बाहेरून आवळलेल्या कामट्या त्या सुजेला पसरू देत नाहीत. दाब आतल्या आत वाढून स्नायूंचे रक्त थांबते. चार-सहा तासांत स्नायू मरू लागतात आणि पुढे बोटे कायमची आखडून पंजासारखी होतात. जर्मन शल्यचिकित्सक फोल्कमान यांनी घट्ट पट्ट्यांचा हा परिणाम १८८१ मध्येच नोंदवला आहे. ‘ठणका म्हणजे हाड बसते आहे’ हे संदेशातले वाक्य म्हणूनच सर्वांत घातक आहे.

कामट्या मुळातच वाईट असे नव्हे. ग्रामीण रुग्णालयात पोहोचेपर्यंत हात हलू नये म्हणून त्या सैलसर बांधणे योग्यच. बांधल्यावर बोटाचे नख दाबून सोडावे. पांढरे झालेले नख दोन-तीन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवे. हीच तपासणी दवाखान्यात घातलेल्या प्लास्टरलाही लागू आहे, कारण पहिल्या दोन दिवसांत सूज वाढून तेही आवळू शकते. बोटे बधिर झाली, थंड किंवा निळसर पडली, दुसऱ्याने ती हळूच सरळ करताना मूल किंचाळले, तर पट्टी लगेच सैल करावी. प्लास्टर असेल, तर सकाळच्या एसटीची वाट न पाहता १०८ ला फोन करून रात्रीच रुग्णालय गाठावे.