हात वर करायची घाई करू नका

जड स्तन लहान करण्याच्या ऑपरेशनवरच्या एका लेखात ‘दोन आठवड्यांत कामावर’ असं लिहिलंय. हे ऑपरेशन मी करून घेतलंय. खुर्चीतलं काम असेल तर ठीक, मीही पंधराव्या दिवशी ऑफिसला गेले. पण घरकाम धरलं तर हिशेब वेगळा. भरलेली बादली, मोठा कुकर, अंगावर झेपावणारं लेकरू, मला सगळं सहा आठवडे बंद होतं. सासूबाईंनी वरच्या फळीवरचे डबे ओट्यावर आणून ठेवले, तेव्हा कळलं की आपण दिवसातून किती वेळा हात वर करतो. सर्जिकल ब्रा रात्रंदिवस, झोप पाठीवरच, दोन उशा लावून.

टाके स्तनाग्राभोवती, तिथून सरळ खाली आणि खालच्या घडीत आडवे. जहाजाच्या नांगरासारखी ती खूण वर्षभरात फिकी होते, पुसली जात नाही. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, पुढे बाळाला अंगावर पाजायला अडचण येऊ शकते. मूल हवं असेल तर डॉक्टरांशी हे आधीच बोला.

खांद्यात रुतलेले पट्ट्यांचे वळ, उन्हाळ्यात घडीत उठणारा ओला चट्टा, वाकलेली मान, हे मी वीस वर्षं सोसलं. या ऑपरेशनला ‘नखरे’ म्हणणाऱ्यांना ते दिसत नाही. ऑपरेशननंतर पहिल्यांदा उठून बसले, खांदे हलके लागले, आणि मला रडूच आलं.