वन बीएचकेवाल्यांना पाणी

गेल्या रविवारी सकाळी अकराच्या सुमारास मला एका काचेच्या ग्लासातून पाणी देण्यात आले, आणि त्याला आज चार दिवस होऊन गेले तरी ते पाणी माझ्या घशाखाली नीट उतरलेले नाही. पाणी गार होते, ग्लास लख्ख होता, ग्लासाखाली ट्रे होता आणि ट्रेवर घडी घातलेला कागदी रुमालही होता; त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार अशी की, त्याच मुलाने त्याच ट्रेमधून माझ्या डावीकडच्या दांपत्याला चहा दिला, उजवीकडच्या वृद्ध गृहस्थांना कॉफी दिली, आणि माझ्यापाशी येऊन काउंटरवरच्या मुलीकडे प्रश्नार्थक पाहिले. तिने माझ्या फॉर्मवर नजर टाकली आणि हळूच, पण मला स्पष्ट ऐकू येईल अशा आवाजात ती म्हणाली, "वन बीएचके." मुलगा ट्रेसकट आत गेला आणि पाणी घेऊन आला.

हे सांगलीत, शंभर फुटी रस्त्यापासून थोड्या आतल्या एका बांधकामाच्या ऑफिसात घडले. मी तेहतीस वर्षांचा आहे, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हिशेब लिहितो, महिन्याला अडतीस हजार रुपये हातात पडतात, आणि खणभागातल्या दोन खोल्यांचे भाडे दर पाडव्याला गुढीबरोबर वर चढते. एवढ्या भांडवलावर मनुष्य वन बीएचकेच विचारणार.

"काय विचारलंत?" उजवीकडच्या गृहस्थांनी कॉफीचा घोट घेत मला विचारले.

"वन बीएचके."

"चुकलात." त्यांनी बशीतले बिस्किट मोडून अर्धे माझ्यापुढे केले. "आत शिरलं की थ्री विचारायचा. थ्रीला कॉफी आहे, टूला चहा. पेंटहाउस म्हणालात तर सँडविच येतं, पण मग ही माणसं महिनाभर फोन करून जीव नकोसा करतात. मी एकदाच केला तो प्रयोग."

काका, म्हणजे पुढचा दीड तास मी ज्यांना काका म्हणत होतो ते गृहस्थ, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. विश्रामबागेत त्यांचा स्वतःचा बंगला होता, घर घेण्याचा त्यांचा कसलाही विचार नव्हता, आणि तरीही गेली पाच-सहा वर्षे ते दर रविवारी सांगली, मिरज किंवा कुपवाड यांपैकी कुठेतरी एक नवे बांधकाम पाहायला जात होते. कुणी देवदर्शनाला जाते, तसे हे. प्रसादही मिळतो, असे त्यांनीच बोलून दाखवले.

मग आम्हां सर्वांना सॅम्पल फ्लॅट दाखवायला नेण्यात आले. सॅम्पल फ्लॅट टू बीएचकेचा होता. वन बीएचकेचा नमुना बांधलेलाच नव्हता. "सर, तुम्ही हाच बघा आणि यातली एक बेडरूम मनातल्या मनात काढून टाका," असे त्या मुलीने मला समजावून सांगितले. मी व्यवसायाने हिशेबनीस असल्यामुळे वजाबाकी मला जमते. पण नेमकी कोणती बेडरूम वजा करावी, याचा विचार करीत मी दिवाणखान्यात उभा होतो, तेवढ्यात काकांनी किराणा दुकानाचे नाव छापलेल्या कापडी पिशवीतून पिवळी पोलादी टेप बाहेर काढली.

टेपचा तो 'खर्र' आवाज ऐकताच त्या मुलीचा चेहरा उतरला. तिने त्यांना पूर्वी पाहिले असावे.

काकांनी आधी कपाट मापले. कपाट देखणे होते, आत दिवाही लागत होता, पण त्याची खोली चौदा इंच निघाली. "यात हँगर सरळ राहत नाही. शर्ट घडी घालून ठेवायचे आणि कोट असेल तर शेजाऱ्याकडे द्यायचा," काका म्हणाले आणि माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "कोट आहे का?" लग्नातला एक आहे, असे मी सांगितले. त्यांनी खेदाने मान हलवली. मग त्यांचे लक्ष दारांकडे गेले, म्हणजे खरे तर दारांच्या अभावाकडे गेले, कारण त्या संपूर्ण घराला प्रवेशद्वार सोडले तर एकही दार नव्हते.

"दारं कुठं गेली?"

"सर, ओपन फील येण्यासाठी."

"संडासालाही?"

ती काही बोलली नाही. डावीकडचे दांपत्य भिंतीवरच्या चित्रात कमालीचा रस घेऊ लागले.

एवढ्यावर थांबतील तर ते काका कसले! आतल्या खोलीत मखमली उशांचा, सोनेरी चादरीचा एक राजेशाही पलंग मांडलेला होता. काकांनी टेप लावली. पाच फूट चार इंच. त्यांनी पुन्हा लावली, मला दुसरे टोक धरायला सांगितले, आणि पुन्हा पाच फूट चार इंचच भरले. मग त्यांनी शांतपणे चपला काढल्या, पिशवी उशाशी ठेवली आणि ते त्या पलंगावर उताणे झोपले. पोटऱ्यांच्या बऱ्याच खालपासून पुढचे काका हवेत होते. त्यांच्या डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होते, आणि तो अंगठा सॅम्पल फ्लॅटच्या छतातल्या निळ्या दिव्याखाली मंद चमकत होता.

"सर, प्लीज, तो बेड डिस्प्लेसाठी आहे."

"मग माणसं कुठं निजायची?"

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात मराठी नाटकाचा पाया घातला, त्या गावाला नाटकी नेपथ्याचे वावडे असण्याचे कारण नाही. परंतु नाटकाच्या तिकिटावर, हे खोटे आहे, असा एक अलिखित करार असतो, आणि ते तिकीट वीस वर्षांच्या हप्त्यांनी फेडावे लागत नाही. काका मात्र पडल्या पडल्या वेगळ्याच विषयावर आले होते.

"चटईक्षेत्र किती म्हणालीस?"

"सर, वन बीएचकेचा सेलेबल सहाशे वीस आहे."

"सेलेबल नव्हे. चटई."

"चारशे तीस."

"आणि दर कशावर लावतेस?"

"सेलेबलवर, सर. चार हजार नऊशे. पण अ‍ॅग्रीमेंटला ते कार्पेटमध्येच कन्व्हर्ट होऊन येतं."

"२०१७ च्या मे महिन्यापासून रेरा लागू आहे. विक्री चटईक्षेत्रावर करायची, हा कायदा आहे," काका छताला उद्देशून म्हणाले. छताने काही उत्तर दिले नाही, आणि मुलीनेही नाही. तिला तरी काय म्हणावे. तिचा पगार माझ्यापेक्षा कमी असणार, आणि तीही कुठेतरी भाड्यानेच राहत असणार.

हिशेब माझ्या बोटांवर होता. आत चटई पसरता येईल अशी जागा चारशे तीस चौरस फूट, आणि मी पैसे मोजायचे सहाशे विसांचे. उरलेले एकशे नव्वद फूट म्हणजे जिन्यातला, लिफ्टमधला, मजल्यावरच्या बोळातला आणि वॉचमनच्या केबिनमधला माझा वाटा. पुढे हप्ता थकला तर निदान त्या केबिनमध्ये उभे राहण्याचा माझा हक्क कुणी हिरावून घेऊ शकणार नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा. मला या वेळी हरिपूरची हळद आठवली. हरिपूरला जमिनीत खोदलेल्या पेवांत व्यापारी वर्षानुवर्षे हळद साठवीत आणि ती कोरडीठाक राहत असे. २००५ च्या महापुरात त्यांतली कित्येक पेवे बाद झाली, हे खरे. पण तोवर तरी सांगलीच्या हळदीला स्वतःची जागा होती, आणि त्या जागेत वॉचमनची केबिन मोजलेली नव्हती.

महापूर काकांच्याही मनात असावा. पलंगावरून उठून त्यांनी खिडकी गाठली. "जोतं किती वर आहे?"

"सर, पोडियम आहे. आणि इथं पाणी येत नाही."

"येत नाही म्हणजे कधी आलं नाही, का आलं होतं आणि परत गेलं?"

नोकरीची निम्मी वर्षे ज्यांनी नदीची पातळी लिहून घेण्यात घालवली, त्यांच्याशी या विषयावर बोलू नये, हे त्या मुलीला कळायला हवे होते. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर, निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हे सर्व काकांनी एका श्वासात सांगितले. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर पाहिलेल्या सांगलीकराला शंभर वर्षे म्हणजे नेमकी किती, हे विचारण्यात अर्थ नाही. चहावाले दांपत्य येथपर्यंत निघून गेले होते.

खाली आल्यावर मला किमतीचा कागद मिळाला. मूळ किंमत तीस लाख अडतीस हजार. त्याखाली 'सुविधा शुल्क' दोन लाख. हे पार्किंगचे, असे काकांनी माझ्या कानात सांगितले; उघडी किंवा इमारतीखालच्या खांबांमधली जागा पार्किंग म्हणून वेगळी विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगून ठेवले असल्यामुळे तिचे असे बारसे झाले होते. मग मुद्रांक शुल्क सहा टक्के, नोंदणी, जीएसटी, विजेचा मीटर, देखभालीची आगाऊ रक्कम. घर पूर्णपणे बायकोच्या नावावर घेतले तर मुद्रांकात एक टक्का सवलत आहे, हीच काय ती त्या कागदावरची आनंदाची बातमी. एकूण आकडा साडेपस्तीस लाखांच्या घरात गेला. त्यात बँक फार तर सत्तावीस लाख देणार, साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता तेवीस हजार चारशे, म्हणजे सत्तावीस लाखांचे सव्वाछप्पन्न लाख फेडायचे. हप्ता गेल्यावर साडेचौदा हजार उरतात आणि त्यात तीन माणसे जगवायची आहेत. तेही पुढचे झाले. आधी घरातून साडेआठ लाख रोख काढायला हवेत, आणि माझ्याकडे चार लाख दहा हजार आहेत. तीन वर्षांपूर्वी एवढे पुरले असते, पण तेव्हा माझ्याकडे अडीच होते. मी चालतो आहे हे दिसते आहे. फक्त घर माझ्यापेक्षा जरा वेगाने चालते आहे.

"तुम्ही पोरं उशीर करता," काका म्हणाले.

इथवर मला त्यांच्याविषयी प्रेम वाटू लागले होते, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. परंतु १९८६ साली त्यांनी सोसायटीत प्लॉट कसा घेतला, सरकारी नोकरीमुळे घरबांधणीचे कर्ज कसे मिळाले, पगार एकवीसशे असताना पंच्याऐंशी हजारांत जागेसकट बंगला कसा उभा राहिला, हे ते सांगू लागले आणि मी सवयीने भागाकार केला. त्यांचे घर त्यांच्या चाळीस महिन्यांच्या पगारात झाले. माझे त्र्याण्णव महिन्यांच्या पगारात होईल, तेही त्या त्र्याण्णव महिन्यांत कुणी जेवले नाही तर, आणि व्याज सोडून. त्यांच्या बंगल्याला चार खोल्या, अंगण आणि पेरूचे झाड आहे. माझ्या वाट्याला आहे लिफ्टचा तुकडा. हे मी त्यांना सांगितले. आवाज चढला असावा, कारण ट्रेवाला मुलगा दारात येऊन उभा राहिला. ८६ साली माझा जन्मच झालेला नव्हता आणि तो उशीर माझ्याकडून झाला हे मी कबूल करतो, असेही मी म्हणालो. महिन्यातून एकदा बाहेर जेवायला जाणे आणि हातातला मोबाइल, एवढ्याच दोन गोष्टींमुळे आमच्या पिढीची घरे अडली आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या मोबाइलची किंमत साडेपस्तीस लाखांतून एकदा वजा करून पाहावी. उत्तर साडेपस्तीस लाखच येते.

काका रागावले नाहीत. त्यांनी टेप गुंडाळून पिशवीत टाकली आणि मला हाताला धरून रस्त्यापलीकडच्या गाड्यावर नेले. "इकडं चहा सगळ्यांना मिळतो," असे म्हणून त्यांनी दोन चहा सांगितले. पहिला घोट पोटात गेल्यावर माझाही पारा उतरला. काका म्हणाले, माझा मुलगा पुण्यात असतो, त्यालाही घर परवडत नाही, तुमचं काही चूक नाही. मला बरे वाटले. मग त्यांनी माझ्या सध्याच्या खोल्यांची चौकशी केली, भाडे विचारले, घरमालक कसा आहे विचारले, आणि थोडा वेळ कपात पाहत राहिले.

"आमचा वरचा मजला पाडव्याला रिकामा होतोय," ते म्हणाले. "दोन खोल्या, स्वयंपाकघर, गच्ची. दारं सगळी आहेत. आत्ता साडेनऊ घेतो, पाडव्यापासून साडेदहा. अनामत चाळीस हजार. तुमच्यासारखा माणूस असेल तर मी एजंट मध्ये घालणार नाही."

मी साडेदहा हजारांतून माझे साडेसात वजा केले.

"थोडं कमी नाही होणार, काका?"

"साडेदहाच," काका म्हणाले. "आणि पाणीपट्टी वेगळी."

चहाचे चोवीस रुपये मी दिले.