‘आईचं नाव कुठे आहे?’ या प्रतिक्रियेला उत्तर

आईवर मी लिहिलेल्या लेखाखाली ‘एक वाचक’ या नावाने आलेली प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. धाकट्या बहिणीचंही तेच म्हणणं. पण दोन दिवस ते एक वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले. खालच्या चौकटीत मावणार नाही, तेव्हा इथे वेगळं टाकते आहे.

ज्यांनी ती प्रतिक्रिया पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. आपण लिहिलंय, “राग मानू नका, पण अख्ख्या लेखात तुमच्या आईचं नाव एकदाही येत नाही. ती फौजीची बायको आहे, तुमची आई आहे, नातवंडांची आजी आहे. ती स्वतः कुठे आहे? सोसण्याचं एवढं कौतुक पटलं नाही.” शिवाय भूकंपाचं साल चुकलं, लेख लांबला, ती नवऱ्याबरोबर क्वार्टरमध्ये का राहिली नाही, सैनिकाची पत्नी असणं हे काही कर्तृत्व नव्हे, हेही आहे. आणि शेवटी एक हसरा चेहरा.

सालाचं आधी. आपलं बरोबर आहे. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, मी १९६८ लिहिलं. दुरुस्त केलंय, आभार. आमच्याकडे ‘भूकंपाच्या आधी’ आणि ‘भूकंपानंतर’ असंच मोजतात, सालाचा आकडा लिहायची वेळ फारशी येत नाही. त्या पहाटे पाटण तालुक्यातल्या ज्या घराची मागची भिंत आत आली, त्या घरात मी होते. सहा वर्षांची. आईने मला दंडाला धरून आणि भावाला झोळीसकट बाहेर काढलं, मग आजोबांसाठी परत आत गेली. दादा, म्हणजे माझे वडील, तेव्हा पलटणीत. रजा मिळून घरी पोचेपर्यंत तीन आठवडे गेले, तोवर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये होतो. तेव्हा साल चुकल्याबद्दल जरूर बोला, पण ‘तपासून लिहीत चला’ हा मास्तरकीचा सूर मला लावू नका. मास्तरकी मी बत्तीस वर्षं केली आहे.

सुराबद्दलच बोलायचं तर, ‘राग मानू नका’ म्हणून सुरुवात करायची, समोरच्याच्या आईबद्दल हवं ते लिहायचं आणि शेवटी हसरा चेहरा लावायचा, ही कुठली रीत? त्या दिवशी आईचं मासिक श्राद्ध होतं. पाहुणे गेले, भांडी झाली आणि मग मी फोन उघडला. मासिक होतं हे आपल्याला माहीत असायचं कारण नाही, मान्य. पण ती गेल्या महिन्यात गेली हे लेखाच्या पहिल्याच ओळीत आहे. पहिली ओळ तरी वाचली असेल ना?

आता नावाचं.

१९५८ साली आई लग्न होऊन आली तेव्हा दादांनी ताटातल्या तांदळात अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं. आपलं नाव काय झालं, ते तिला करवलीने कानात सांगितलं. रजा संपली, दादा जंगी पलटणीत म्हणजे पहिल्या मराठा बटालियनमध्ये परत गेले, आणि गावात आई ‘मिल्ट्रीवाल्याची’ झाली. पाणवठ्यावर, गिरणीत, बारशाला, सगळीकडे ‘मिल्ट्रीवाल्याची आली’. दादांची पत्रं आजोबांच्या नावे यायची. तीर्थरूप आबांस साष्टांग नमस्कार, मग पीकपाणी, मग बैलाची चौकशी, आणि अगदी शेवटी ‘घरातील मंडळींस यथायोग्य’. गुरुजी ओसरीवर बसून मोठ्याने वाचायचे आणि आई दाराआड उभी राहून ऐकायची. एकदा ती मला म्हणाली होती, “त्या ‘मंडळीं’त माझं काय ते आलं म्हणायचं.” तक्रारीने नव्हती म्हणाली.

आजोबा १९६९ मध्ये गेले आणि मनीऑर्डर तिच्या नावाने येऊ लागली. पहिल्या महिन्यात पोस्टमनने शाईचं पॅड पुढे केलं. तिने अंगठा दिला आणि त्याच संध्याकाळी माझी पाटी मागून घेतली. चुलीपुढे बसून गिरवायची, एका हाताने भाकरी उलटायची. तिसऱ्या मनीऑर्डरीला सही केली. ती सही मी पाहिली आहे, मीच शिकवली आहे. आणि तुम्ही मला विचारता, ती स्वतः कुठे आहे!

१९७१ मध्ये पत्रावरच्या पत्त्यात ‘मार्फत ५६ ए.पी.ओ.’ (म्हणजे फौजी टपाल कार्यालय) याच्या जागी ‘९९ ए.पी.ओ.’ आलं. कुठे आहोत हे दादांना पत्रात लिहिता यायचं नाही. आकडा बदलला म्हणजे पलटण पूर्वेकडे गेली, हे आईने गावातल्या एका पेन्शनर सुभेदारांना विचारून काढलं. डिसेंबरात पाकिस्तानशी लढाई सुरू झाली तेव्हा ग्रामपंचायतीच्या रेडिओपाशी पुरुष बसायचे आणि बायका पलीकडच्या भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. तारवाला गावात शिरला की ज्यांच्या घरचं कोणी फौजेत आहे त्या बायका उठून घरात जायच्या, जणू तो त्यांना दिसलाच नाही. ११ डिसेंबरला गाव भूकंपात गेलेल्यांची आठवण काढत होतं. त्याच सकाळी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला पाकिस्तानी शिबंदी दादांच्या ब्रिगेडपुढे शरण आली होती. आम्हाला हे फार उशिरा कळलं. १६ तारखेला ढाक्याच्या शरणागतीची बातमी आली, साखर वाटली, आईने ती पदराच्या टोकाला बांधली. खाल्ली नाही. जानेवारीत पत्र आलं तेव्हा खाल्ली.

त्या आंतरदेशीय पत्रावर पहिल्यांदा तिचं नाव होतं. आजोबा नव्हते तरी मधली दोन वर्षं पत्रं चुलत्यांच्या नावे येत होती. हे मात्र तिच्या नावे. पोस्टमनने माझ्या हातात दिलं तर तिने काढून घेतलं. वाचायला बराच वेळ लागला, पण कुणाला वाचू दिलं नाही. दादांच्या काळ्या ट्रंकेत ते अजून आहे. मी उघडलेलं नाही.

आणि हेच नाव पुढे तिला नडलं. दादा २००९ मध्ये गेले. कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद काढले तर लग्नानंतरच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे फौजेतल्या कौटुंबिक नोंदीत, तिचं माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, आणि बँकेच्या पासबुकात आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. चौदा महिने पैसे अडले. साधी फॅमिली पेन्शन म्हणजे शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, त्यासाठी प्रतिज्ञापत्र, सरपंचांचा दाखला, जोडीचा फोटो. एका कार्यालयात (कुठल्या ते सांगत नाही) खिडकीवरच्या माणसाने तिन्ही नावं साऱ्या रांगेला ऐकू जातील अशी पुकारली आणि विचारलं, “यातल्या नक्की कोणत्या तुम्ही?” मागे दोघं हसले. आई म्हणाली, “तिन्ही मीच.” नवऱ्याचं नाव विचारलं तर तिने घेतलं नाही, उखाण्याशिवाय तिने ते कधीच घेतलं नव्हतं. दादांचा सात आकडी फौजी नंबर मात्र न अडखळता सांगितला. मग तो माणूस गप्प झाला.

बाहेर आल्यावर एस.टी. स्टँडच्या बाकावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आता माझं नाव कुठं बी घालू नगंस. लई झालं.” घराच्या पाटीवर घालू दिलं नाही, नातीच्या लग्नपत्रिकेतही नुसतं ‘आजी’ लिहायला लावलं. म्हणून लेखात नाव नाही. ते विसरलेलं नाही आणि पुसलेलंही नाही. माझ्या आईने मला एक गोष्ट सांगितली होती, ती मी पाळली. तुम्हाला ते पटायला हवं असं नाही, पण ‘एक वाचक’ या नावाखाली लपून दुसऱ्याच्या आईचं नाव मागायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? निदान स्वतःचं तरी सांगायचं होतं.

सोसण्याचं कौतुक म्हणाल, तर ते मी केलेलं नाही. मी घडलं ते लिहिलं. तिला स्वतःला काय हवं होतं हे मी तिला कधी विचारलं का, असं तुम्ही विचारलेलं नाही. विचारलं असतं तरी त्याचं उत्तर मी इथे दिलं नसतं.

क्वार्टरचं, पलटण फील्डमध्ये म्हणजे सीमेकडे वगैरे कामगिरीवर असली की कुटुंब नेता येत नाही, आणि पीस स्टेशनला म्हणजे शांततेच्या ठाण्यावरही क्वार्टरसाठी नंबर लागावा लागतो. बेळगावला मराठा रेजिमेंटच्या सेंटरला दादा होते तेव्हा आम्ही अकरा महिने राहिलो, तेवढंच. लांबीबद्दल, ज्याला लांब वाटेल त्याने सोडून द्यावं. कर्तृत्वाचा मुद्दा मी वाचला आणि बाजूला ठेवला.

एक राहिलं. लेखातला भाचीने काढलेला बोटांचा फोटो तुम्हाला ‘मुद्दाम भावुक करणारा’ वाटला. तो हयातीच्या दाखल्याच्या दिवशीचा आहे. तिच्या बोटांच्या रेषा झिजल्या होत्या, यंत्रावर अंगठा उठायचा नाही. दर नोव्हेंबरात भाची तिची बोटं कोमट पाण्यात धरायची, पुसायची, पुन्हा ठेवायची. त्या वर्षी सातव्यांदा उठला, म्हणून पोरीने आनंदाने फोटो काढला. कुणाला रडवायला काढला नव्हता.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. भूकंपाचं साल बदललं आहे. बाकी लेख आहे तसा राहील.