‘मेडिकलमध्ये अनफिट म्हणजे कायमचा बाद’: पालकांच्या ग्रुपवरचा सल्ला तपासून पाहू

बारावीचा निकाल लागला की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप फिरायला लागतो. एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, बारावीनंतर सैन्यदलात अधिकारी होण्याचा रस्ता) मेडिकलला एकदा अनफिट ठरला की पोरगा कायमचा बाद. म्हणून आधीच डोळ्यांचं लेसर करून घ्या आणि वर्षभर कॉलेज सोडून फक्त एनडीएचा अभ्यास करू द्या. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असेल, पण तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

आधी ‘कायमचा बाद’. लेखी परीक्षेनंतरच्या एसएसबीतून, म्हणजे सैन्यदलांच्या निवड-मुलाखतीतून, शिफारस झालेल्यांची लष्करी रुग्णालयात तपासणी होते. तिथे अनफिटचे दोन शिक्के असतात, तात्पुरता आणि कायम. यातला ‘कायम’ ऐकला की घरचे तिथेच खचतात. प्रत्यक्षात दोन्हींविरुद्ध ४२ दिवसांच्या आत अपील मेडिकल बोर्डासमोर जाता येतं. त्याही पुढे रिव्ह्यू बोर्ड आहे, पण तो हक्काने मिळत नाही आणि त्याची मागणी अपील झाल्यावर एका दिवसात करावी लागते. शिवाय वयात बसत असेल तर पुढची एनडीए परीक्षा द्यायला कोणी अडवत नाही. ‘आयुष्यात एकदाच’ हा नियम आहे, पण तो वैमानिकांच्या निवडचाचणीचा. बहुधा तोच कुणीतरी मेडिकलला चिकटवला असावा.

खरी गोम त्या ४२ दिवसांत आहे. कानातला मळ, वाढलेलं वजन, नाकाचा वाकडा पडदा, टॉन्सिल, मूळव्याध, हायड्रोसील अशा तक्रारींवर आधीच उपचार करून या, असं ही परीक्षा घेणाऱ्या यूपीएससीच्या जाहिरातीतच छापलेलं असतं. वाचतो कोण? अनफिटचा कागद हातात पडल्यावर धावपळ सुरू होते. मळ एका दिवसात निघेल, पण नाकाचं ऑपरेशन करून, जखम भरून, बोर्डासमोर उभं राहायला सहा आठवडे म्हणजे ओढाताणच. हेच अकरावीच्या सुट्टीत केलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. रंगांधळेपणावर मात्र इलाज नाही, म्हणून तो आधी माहीत असलेला बरा. नेत्रतज्ज्ञाकडची ठिपक्यांच्या आकड्यांची तपासणी काही मिनिटांत होते.

आता लेसर. इथे साधं अंकगणित पुरे. शस्त्रक्रियेच्या वेळी वय २० च्या पुढे हवं, अशी अट आहे. एनडीएची वयोमर्यादा साडेएकोणीस. म्हणजे सतराव्या वर्षी लेसिक (नंबर घालवणारं लेसर ऑपरेशन) करून एनडीएचं दार उघडत नाही, उलट बंद होतं. आणि सगळ्याच चष्मेवाल्यांना लेसरची गरज तरी कुठे असते? एनडीएतून भूदलासाठी उणे २.५ पर्यंतचा नंबर चालतो, फक्त चष्म्याने दृष्टी ६/६ व्हायला हवी. नौदलाचे निकष याहून कडक, वैमानिकाचे आणखी कडक. नंबर जास्त असेल तर पदवी, मग विसाव्या वर्षानंतर लेसिक, त्यानंतर किमान १२ महिने थांबून सीडीएस (पदवीनंतर सैन्यदलात अधिकारी होण्याची परीक्षा), असा रस्ता मोकळा आहे. कॉर्नियाची जाडी वगैरे अटी तिथेही आहेतच.

राहिलं ड्रॉपचं वर्ष. समजा मुलाचा जन्म १५ ऑगस्ट २००७ चा आणि बारावी २०२५ ला झाली. त्याच्या ड्रॉपच्या वर्षात एनडीएच्या दोन परीक्षा येतात, सप्टेंबर २०२५ आणि एप्रिल २०२६. त्यानंतर सप्टेंबर २०२६ ला तो वयात बसत नाही. या दोन्ही परीक्षा एफवाय बीएस्सीत बसूनही देता येतात! मग घरी बसून जास्तीचं काय मिळालं? गणित खरोखर कच्चं असेल तर वर्ष काढणं मी समजू शकतो. मेडिकलच्या भीतीने नाही. शिवाय फिट ठरूनही लेखीचे ९०० आणि एसएसबीचे ९०० गुण धरून लागणाऱ्या यादीत नाव वर असावं लागतं, आणि दर वेळी फिट झालेल्या सगळ्यांना जागा मिळत नाही.

ड्रॉप घ्यायचं ठरलंच असेल तर त्या वर्षी जेईई मेन मात्र चुकवू नका. भूदलाची टीईएस (बारावीनंतरची तांत्रिक अधिकारी भरती) आणि नौदलाचा बीटेक कॅडेट प्रवेश, दोन्हींसाठी ती दिलेली असावी लागते.