‘सायकल उजव्या बाजूने चालवा’ हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. सोसायटीच्या, नातेवाइकांच्या, शाळेतल्या मैत्रिणींच्या, आणि शेवटी आम्ही रविवारी सकाळी सायकलवर जातो त्यांच्याही ग्रुपवर. मजकूर असा आहे:

‘सायकलला लायसन्स नाही, विमा नाही, रोड टॅक्स नाही, त्यामुळे मुख्य रस्त्यावर तिचा हक्क नाही. तरी चालवायचीच असेल तर उजव्या बाजूने चालवा, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. जितकं कडेला जाता येईल तितकं जा. सिग्नल सायकलला लागू नसतो. अपघात झालाच तर कायद्याने मोठ्या गाडीचीच चूक धरतात. आपल्या ओळखीच्या सायकलवाल्यांना पाठवा, एखादा जीव वाचेल.’

पाठवणाऱ्यांच्या मनात काळजीच आहे, हे मला माहीत आहे. माझ्या मावशीनेही तो मला काळजीपोटीच पाठवला. पण मी पुण्यात तीस वर्षं रोज सायकल चालवते आणि या मजकुरातला एकही सल्ला मी कोणाला देणार नाही. त्यातला उजव्या बाजूचा सल्ला तर सरळ जिवावर बेतणारा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

आमच्या सोसायटीत रात्रपाळीला असलेले वॉचमन काका धायरीकडून सायकलने येतात. काळी, उंच, दणकट सायकल, मागे कॅरियरला दोरीने बांधलेला डबा. कोणीतरी त्यांना हा मेसेज वाचून दाखवला आणि ते उजव्या बाजूने यायला लागले. एका सकाळी ड्यूटी संपवून ते निघाले, त्यांच्या मागोमाग मी दूध आणायला पायी निघाले होते. पुढच्या गल्लीच्या तोंडाशी एक कार बाहेर पडत होती, तिला डावीकडे वळायचं होतं. चालवणाऱ्याची मान पूर्ण उजवीकडे वळलेली, कारण त्याच्या वाटेत येणाऱ्या गाड्या तिकडूनच येणार. काका आले डावीकडून. त्यांनी ब्रेक दाबला, पण ब्रेकची रबरं झिजून गुळगुळीत झालेली. पुढचं चाक बंपरवर आदळलं, काका गुडघ्यावर पडले आणि डबा सुटून रस्त्यावर घरंगळला. कारवाला मुलगा लगेच उतरला. त्याचे हात थरथरत होते. ‘काका, या बाजूने कोणी येईल असं मनातच आलं नाही हो,’ एवढंच तो म्हणत राहिला.

त्या मुलाने बेपर्वाई केली नव्हती. आपल्याकडे वाहतूक डावीकडून चालते, त्यामुळे गल्लीतून निघणारा उजवीकडे बघतो, मुख्य रस्त्यावरून उजवीकडे वळणारा समोरून येणाऱ्यांकडे बघतो, आणि रस्ता ओलांडणारी आजी आधी उजवीकडे बघते. ही सगळ्यांच्या मानेला लागलेली सवय आहे. उलट बाजूने येणारी सायकल यांच्यापैकी कोणाच्याच नजरेत येत नाही. सायकलवाल्याला गाडी दिसते म्हणून त्याला वाटतं की गाडीवाल्यालाही आपण दिसतो. तसं होत नाही.

आता हिशोब करून बघा. गाडी ताशी ४० किलोमीटरने येते आहे, सायकल १५ ने. दोघं एकाच दिशेने चालली असतील तर अंतर कमी होतं ताशी २५ च्या वेगाने. समोरासमोर असतील तर ५५ च्या. गाडीवाल्याला सायकल तीस मीटरवरून दिसली, तर पहिल्या बाबतीत त्याच्या हातात चार सेकंदांहून जास्त वेळ असतो, दुसऱ्यात जेमतेम दोन. शिवाय मागून येणाऱ्याला ओव्हरटेकला जागा नसेल तर तो वेग कमी करून थोडा वेळ सायकलच्या मागे राहू शकतो. समोरून येणाऱ्याने गाडी पूर्ण थांबवली तरी सायकल त्याच्याकडे येतच असते. आणि त्याच कडेने एखादी शाळकरी मुलगी नियमाप्रमाणे डावीकडून सायकलवर येत असेल, तर दोघांपैकी एकाला वाहत्या रस्त्यात शिरावं लागतं. बहुतेक वेळा ती मुलगीच शिरते.

हा गैरसमज आला कुठून, तेही सांगते. फुटपाथ नसेल तिथे पायी चालताना समोरची वाहनं दिसतील अशा बाजूने चालावं, असा सल्ला देतात आणि तो योग्य आहे. पायी माणूस एका पावलात थांबतो, दुसऱ्या पावलात कडेच्या मातीत उतरतो. सायकल तशी बाजूला उडी मारू शकत नाही. पायी चालणाऱ्यासाठी दिलेला सल्ला सायकलला लावला, तिथे चूक झाली.

कायद्यातही याला जागा नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये ‘वाहन’ या शब्दाच्या व्याख्येतच सायकल आहे, आणि त्याच कायद्याचं कलम ९९ सांगतं की रस्त्यावर वाहन चालवताना डावी बाजू सोडू नये आणि त्याच दिशेने जाणाऱ्या वाहनाला ओलांडताना त्याच्या उजवीकडून जावं. म्हणजे सायकलने राँग साइडने जाणं हा नियमभंगच आहे.

तरीही लोक राँग साइडने का जातात, हे मला ठाऊक आहे. डिव्हायडर फोडलेली जागा लांब असते. स्कूटरला तो वळसा काहीच नसतो, सायकलवर तो पायांना जाणवतो. चढ असेल तर जास्तच. त्यावर माझा उपाय एकच आहे: उतरायचं. सायकल हातात धरून फुटपाथवरून चालायचं. सायकल ढकलत चालणारा माणूस पादचारी असतो, त्याला फुटपाथ आणि झेब्रा क्रॉसिंग दोन्ही खुलं आहे. दोन-चार मिनिटं जास्त लागतात. आणि मागून येणाऱ्या गाडीची भीती वाटत असेल तर हँडलच्या उजव्या बाजूला आरसा लावा, मागे लाल दिवा लावा, आणि रिकाम्या मैदानात जाऊन हँडल न हलवता उजव्या खांद्यावरून मागे बघायची सवय करा. मला ते जमायला आठवडाभर लागला होता.

आता हक्काचं. ‘लायसन्स नाही म्हणून हक्क नाही’ हे वाक्य उलटं आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ लायसन्स, नोंदणी आणि विमा मागतो तो मोटार वाहनाला, म्हणजे यंत्राच्या जोरावर चालणाऱ्या वाहनाला. का मागतो? कारण ते जड आहे, वेगवान आहे आणि चुकीच्या हातात गेलं तर दुसऱ्याचा जीव घेऊ शकतं. रस्ता सगळ्यांचा आहे, आणि त्यावर धोकादायक यंत्र आणायचं असेल तर आधी परवानगी घ्या, असा त्याचा अर्थ. चालणाऱ्याला आणि सायकलवाल्याला ती परवानगी लागत नाही, कारण त्यांच्यापासून तेवढा धोका नाही. उलट मोटार वाहन चालवण्याविषयीच्या २०१७ च्या विनियमांत पादचारी, सायकलस्वार, लहान मुलं, वृद्ध आणि अपंग यांच्या सुरक्षिततेची विशेष काळजी घेण्याची जबाबदारी चालकांवर टाकली आहे.

काही रस्ते सायकलला बंद आहेत, हे खरं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू, अटल सेतू. तिथे दुचाकीलाही बंदी आहे, आणि तशी पाटी असते. जिथे अशी बंदी नाही तिथे सायकलला रस्ता खुला आहे. कर्वे रस्ता असो की गावाबाहेरचा राज्यमार्ग.

टॅक्सविषयी. माझ्या वडिलांच्या सायकलला नगरपालिकेचा बिल्ला होता. दर वर्षी पैसे भरून तो घ्यावा लागे, आणि बिल्ला नसला, रात्री दिवा नसला किंवा डबल सीट बसवलं तर पोलीस अडवत. तो कर गेला, पण सायकलवाला करातून सुटला असं नाही. सायकलवर जीएसटी आहे, २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत १२ टक्के होता, आता ५ टक्के. शहरातले बहुतेक रस्ते महापालिका बांधते आणि तिच्या तिजोरीत मिळकतकर असतो, जो भाडेकरूच्या भाड्यातूनही शेवटी वसूल होतो. वाहनकर हा राज्याचा वेगळा कर आहे. तो भरला म्हणून रस्ता विकत घेतला असं होत नाही.

शिवाय रस्ता झिजवतं कोण? १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत इलिनॉय राज्यात खास बांधलेल्या रस्त्यांवर वेगवेगळ्या वजनाची वाहनं फिरवून मोठी चाचणी झाली. त्यातून अभियंत्यांना एक ढोबळ नियम मिळाला: रस्त्याची झीज ॲक्सलवरच्या, म्हणजे चाकांच्या आसावरच्या, भाराच्या चौथ्या घाताने वाढते. सायकल आणि माणूस मिळून ९० किलो धरले तर एका चाकावर ४५. माणसांसह कार १,३५० किलोची धरली तर एका ॲक्सलवर ६७५, म्हणजे पंधरा पट. पंधराचा चौथा घात पन्नास हजारांच्या वर जातो. हा नियम जड वाहनांसाठी आहे, सायकलला तो तंतोतंत लावू नये हे मान्य. पण रस्त्याच्या खर्चात सायकलचा वाटा किती असेल, ते यावरून कळतं.

सिग्नलचा मुद्दा एका परिच्छेदात संपतो. लाल दिवा वाहनांसाठी आहे आणि सायकल वाहन आहे, म्हणून थांबायचं. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालवून लोकांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगतं. त्यात ‘मोटार’ हा शब्द नाही, ‘कोणतंही वाहन’ असं आहे. लाल दिवा तोडून सायकलने एखाद्या आजोबांना पाडलं तर आजोबांचं मांडीचं हाड मोडायला सायकलचा वेग पुरेसा असतो. चौकात घाई असेल तर उतरा आणि झेब्रावरून चालत जा.

‘मोठ्या गाडीचीच चूक धरतात’ या वाक्यामुळे माणसं गाफील राहतात, म्हणून ते जरा सविस्तर. असा कायदा नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागताना जखमी माणसाचाही हलगर्जीपणा सिद्ध झाला, तर रक्कम त्या प्रमाणात कापली जाते. राँग साइडने जाणं, अंधारात दिवा नसणं, हे तिथे विरोधात जातं. मग हा समज का पसरला? माझ्या मते मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६४ मुळे. मोटार वाहनामुळे मृत्यू झाला तर ५ लाख आणि गंभीर दुखापत झाली तर अडीच लाख रुपये, चूक कोणाची हे सिद्ध न करता मिळण्याची तरतूद त्यात आहे. एप्रिल २०२२ पासून ती लागू आहे. पण ‘चूक सिद्ध करावी लागत नाही’ आणि ‘चूक त्याचीच धरतात’ यात फार फरक आहे.

याबरोबर दोन गोष्टी मात्र जरूर पुढे पाठवा, कारण त्या अनेकांना माहीत नसतात. धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडली नाही, तरी त्याच अधिनियमाच्या कलम १६१ खाली मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये भरपाई आहे. सायकलवाल्यालाही आहे. आणि अपघातानंतर जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं हे चालकाचं कायदेशीर कर्तव्य आहे, कलम १३४ प्रमाणे. मदतीला धावून आलेल्या तिसऱ्या माणसाला खटल्यात गोवलं जाऊ नये म्हणून कलम १३४-अ चं संरक्षण आहे. तेव्हा रस्त्यात कोणी पडलेलं दिसलं तर थांबा.

राहिला कडेचा मुद्दा, आणि तो मी मुद्दाम शेवटी ठेवला. काकांचा गुडघा बरा झाल्यावर मी त्यांना मेसेजमधलं काय चूक आहे ते समजावून सांगितलं. नवीन ब्रेक रबरं आणि मागचा लाल दिवा बसवून घेतला. ते डावीकडून यायला तयार झाले, पण त्यांनी मला एक प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर माझ्याकडे लगेच नव्हतं. ‘ताई, डावीकडून येतो. पण दुकानांच्या पट्ट्यात डावीकडे गाड्या उभ्या असतात. तिथं कुठून जाऊ?’

एका रविवारी सकाळी आम्ही दोघं तो पट्टा चालत गेलो. अगदी कडेला सिमेंट आणि डांबराच्या मधली फट आहे, सायकलचं चाक त्यात अडकतं. पुढे ड्रेनेजची लोखंडी जाळी, तिच्या पट्ट्या रस्त्याला समांतर. मग वाळू. मग ओळीने उभ्या कार, आणि चालकाचं दार उघडतं ते उजवीकडे, म्हणजे रस्त्याच्या बाजूला. काकांनी एका कारच्या मालकाला दार पूर्ण उघडून दाखवायला सांगितलं. त्याने दाखवलं. काका दाराच्या टोकापाशी उभे राहिले, तिथून आणखी एक हात अंतर मोजलं आणि चपलेने रस्त्यावर रेघ ओढली. ‘म्हणजे मी इथून जायचं.’ हो, तिथूनच. गाड्यांच्या ओळीतल्या रिकाम्या जागांत आत शिरून पुन्हा बाहेर यायचं नाही, सरळ एका रेषेत जायचं, म्हणजे मागच्याला अंदाज येतो. ओळ सुरू होण्याच्या बरंच आधी मागे बघायचं, उजवा हात पूर्ण लांब करायचा, आणि मागची गाडी हळू झाली की मगच बाहेर यायचं.

‘मागचा हॉर्न मारेल,’ काका म्हणाले.

मारेल, मी म्हटलं. हॉर्न मारतोय म्हणजे त्याला तुम्ही दिसलात.